आगंतुकाचा निवारा : विनयातील सेनासन-व्यवस्था आणि बाबासाहेबांची बिऱ्हाडे

आषाढ पौर्णिमा जवळ आली की छावणीच्या परिसरात दोन गोष्टी एकाच सुमारास सुरू होतात. विहारांतून वर्षावासाची तयारी होऊ लागते. आणि नागसेनवनात व विद्यापीठात प्रवेश घेतलेली बीड, परभणी, हिंगोली, जालना या जिल्ह्यांतील मुले-मुली भावसिंगपुऱ्यापासून छावणीच्या बाजारापर्यंत खोलीच्या शोधात हिंडू लागतात. त्यांच्यात येमेनसारख्या दूरच्या देशांतून आलेले विद्यार्थीही दिसतात. घरमालक भाडे सांगतो, अनामत सांगतो आणि मग सहज विचारल्यासारखे करून आडनाव विचारतो. त्या एका प्रश्नाच्या उत्तरावर खोली रिकामी आहे की नाही हे पुष्कळदा ठरते.

परक्या गावी, परक्या देशी नव्याने आलेल्या माणसाला थोड्या दिवसांसाठी, परवडेल असा निवारा कसा मिळावा, हा प्रश्न किरकोळ वाटतो. परंतु एखाद्या समाजाची परीक्षा घ्यावयाची असेल तर या प्रश्नाइतके चोख साधन दुसरे नाही. आपल्या परंपरेत या प्रश्नाचा विचार दोन ठिकाणी फार खोलवर झालेला आहे. एक विनयपिटकात आणि दुसरा परमपूज्य बाबासाहेबांच्या आत्मकथनपर लेखनात. या दोहोंचा एकत्र विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

न्यूयॉर्क : खोली आणि सोबती

बाबासाहेब जुलै 1913 मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले, तेव्हा त्यांचे वय 22 वर्षांचे होते. बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची होती. त्यातून राहणे, जेवण, पुस्तके आणि घरी पाठवावयाचे पैसे असे सारेच भागवावयाचे होते. पहिला आठवडा त्यांनी कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात काढला. तेथील अन्न त्यांना मानवले नाही. मग ते पश्चिम 114व्या रस्त्यावरील कॉस्मॉपॉलिटन क्लबमध्ये राहावयास गेले. तेथे काही भारतीय विद्यार्थी राहत असत. शेवटी लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर ते स्थिरावले. ही इमारत आज वॉलेक हॉल या नावाने ओळखली जाते.

थोड्या काळात तीन बिऱ्हाडे झाली, यात विशेष काही नाही. परदेशी गेलेल्या प्रत्येक नवख्या विद्यार्थ्याची गोष्ट थोड्याफार फरकाने अशीच असते. विशेष आहे ते हे की, या तिन्ही ठिकाणी त्यांना कोणी जात विचारली नाही. जागा आहे काय, पैसे भरता काय, नियम पाळता काय, एवढेच प्रश्न होते. अमेरिका त्या काळी समतेचा देश होता असा याचा अर्थ नव्हे. कोलंबिया विद्यापीठाच्या शेजारीच असलेल्या हार्लेममध्ये कृष्णवर्णीयांची वस्ती वाढत होती आणि त्यांना घर भाड्याने देण्यास नकार देणारे गोरे मालक त्याच शहरात होते. परंतु या तरुणाच्या पाठीला जन्मापासून चिकटलेला जो विटाळ होता, तो त्या देशाला ठाऊकच नव्हता.

परक्या शहरातील एकाकीपणाचे दुःख तेथील काही विचारी लोकांच्या ध्यानात याच सुमारास येऊ लागले होते. 1909 मध्ये कोलंबियाच्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर हॅरी एडमंड्स या गृहस्थांनी एका चिनी विद्यार्थ्याला सहज अभिवादन केले. न्यूयॉर्कला आल्यापासून आपल्याशी आपणहून बोललेले तुम्हीच पहिले, असे त्या विद्यार्थ्याने त्यांना सांगितले. एडमंड्स यांच्या मनाला ही गोष्ट लागली. त्यांच्या खटपटीतून पुढे 1924 मध्ये न्यूयॉर्कला परदेशी विद्यार्थ्यांसाठी इंटरनॅशनल हाउस उभे राहिले. केवळ कळवळा पुरत नाही, त्याची इमारत व्हावी लागते, हे या उदाहरणावरून दिसते.

बडोदे : स्वदेशातील परकेपणा

शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने बाबासाहेबांना लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले आणि कराराप्रमाणे बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू व्हावे लागले. हा प्रसंग त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात सांगितला आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1990 मध्ये ते पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले. त्यात साले थोडी मागेपुढे झालेली आहेत. परतीचे वर्ष 1917 होते, हे इतर कागदपत्रांवरून निश्चित आहे.

बडोद्याच्या स्थानकावर उतरताच त्यांच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो, जावे कोठे, हा. हिंदूंच्या खाणावळींत खरे नाव सांगून प्रवेश मिळणार नव्हता. शेवटी ते एका पारशी धर्मशाळेत गेले. तेथे केवळ पारशी लोकांनाच उतरता येत असे. रखवालदाराने उत्पन्नाच्या आशेने वाट काढली. दिवसाला दीड रुपया घ्यावयाचा आणि नोंदवहीत पारशी नाव लिहावयाचे, असे ठरले. वरच्या मजल्यावर एक लहानशी निजण्याची खोली, तिला लागून न्हाणी. बाकी सारा दिवाणखाना मोडक्या खुर्च्या, फळ्या आणि अडगळ यांनी भरलेला. कोलंबियाचा पदवीधर या अडगळीत चोरासारखा राहू लागला. सरकारी बंगला मिळावा म्हणून त्यांची खटपट सुरू होती. परंतु अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला.

अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी गृहस्थ हातांत काठ्या घेऊन आले. तू कोण, हा त्यांचा प्रश्न होता. आठवडाभराची मुदत त्यांनी नाकारली. संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास बजावले. बाबासाहेब एका हिंदू मित्राकडे गेले, मग एका ख्रिस्ती मित्राकडे. पहिल्याने नोकर सोडून जातील अशी अडचण सांगितली, दुसऱ्याने पत्नीशी बोलावे लागेल असे सांगितले. मुंबईची गाडी रात्री होती. तोवरचा वेळ त्यांनी कामाठी बागेत बसून काढला.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. बडोद्यात काठ्या घेऊन आलेले पारशी होते आणि लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये खोली वाटून घेणारा मित्रही पारशीच होता. पुढे 1920 मध्ये बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले तेव्हा पाच हजार रुपये कर्जाऊ देणारे हेच नवल भथेना होते. म्हणजे दोष एखाद्या समाजाच्या रक्तात नव्हता. तो या भूमीवरील रूढीत होता. ज्या मातीत अस्पृश्यता मुरलेली आहे तेथे हिंदूचा अस्पृश्य हा इतरांचाही अस्पृश्य होतो, हा निष्कर्ष बाबासाहेबांनी स्वतःच काढला आहे. लेखनाला दिलेले नावही म्हणूनच अर्थपूर्ण आहे. प्रवेशपरवाना परदेशी जाणाऱ्याला लागतो. येथे तो आपल्याच देशात मागावा लागत होता.

दुसरा प्रसंग आपल्या परिसराचाच आहे. 1934 मध्ये बाबासाहेब आणि चळवळीतील सुमारे तीस कार्यकर्ते मोटारबसने नाशिकहून वेरूळची लेणी पाहण्यास निघाले. औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) तेव्हा निजामाच्या राज्यात होते. मुक्कामाच्या ठिकाणच्या आपल्या माणसांखेरीज कोणालाही प्रवासाची वार्ता लागू दिली नव्हती, कारण अस्पृश्य प्रवाशांना आडवाटेला काय सोसावे लागते हे सर्वांना ठाऊक होते. तरीही दौलताबादच्या किल्ल्याशी हौदाच्या पाण्याने हातपाय धुतल्यावरून गर्दी जमली, शिवीगाळ झाली आणि अखेर एका हत्यारबंद शिपायाच्या पहाऱ्यात त्यांना किल्ला पाहावा लागला. ज्यांनी खोदलेली लेणी पाहावयास ही मंडळी निघाली होती, त्या भिक्खूंच्या शासनात पाय धुण्याचे पाणी हा आगंतुकाचा पहिला हक्क होता. हा विरोधाभास समजून घेण्यासाठी आता विनयपिटकाकडे वळले पाहिजे.

विनयाचा विचार : खोली कोणाची?

आरंभीचा भिक्खुसंघ फिरस्ता होता. गाव नवे, माणसे नवी, मुक्काम थोड्या दिवसांचा, ही त्याची रोजची स्थिती. त्यामुळे निवाऱ्याचा प्रश्न विनयात वारंवार येतो. चुल्लवग्गाचा सहावा खंधक पूर्णपणे सेनासनाविषयी, म्हणजे शय्या व आसन आणि अर्थविस्ताराने निवासस्थान यांविषयी, आहे. राजगृहाच्या श्रेष्ठीने एका दिवसात साठ विहार बांधून दिले, ही कथा तेथेच येते. ते विहार कोणा एका भिक्खूला दिलेले नाहीत. आलेल्या आणि पुढे येणाऱ्या चारही दिशांच्या संघाला दिलेले आहेत. 'आगतानागत चातुद्दिस संघ' ही ती संज्ञा. जो अजून आलेलाच नाही, ज्याचे नावही कोणास ठाऊक नाही, त्याचाही या छपरावर हक्क आहे, असा तिचा अर्थ होतो.

हा हक्क कोणत्या क्रमाने द्यावयाचा, याचा निर्णय एका रात्रीच्या प्रसंगातून झालेला आहे. तथागत संघासह श्रावस्तीच्या वाटेवर असताना षड्वर्गीय भिक्खूंचे शिष्य पुढे धावले आणि हे आमच्या उपाध्यायांसाठी, हे आमच्या आचार्यांसाठी, असे म्हणून साऱ्या खोल्या अडवून बसले. मागून आलेल्या सारिपुत्तांना जागाच उरली नाही. त्यांनी झाडाखाली रात्र काढली. पहाटे तथागतांना त्यांच्या खोकण्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी त्यांनी संघाला विचारले, की अग्रासन, अग्रोदक आणि अग्रपिंड यांस पात्र कोण? कोणी म्हणाले, क्षत्रियकुळातून प्रव्रजित झालेला. कोणी म्हणाले, ब्राह्मणकुळातून आलेला. कोणी विद्वत्तेचे, कोणी ध्यानाचे नाव घेतले. तथागतांनी ही सारी उत्तरे बाजूला ठेवली आणि उपसंपदेच्या ज्येष्ठतेचा साधा क्रम घालून दिला. संघातही कुळाचा प्रश्न खोलीच्या निमित्तानेच डोके वर काढीत होता आणि तो तेथेच खुडला गेला, हे या कथेचे मर्म आहे. ज्येष्ठता कोणालाही लाभते, त्यासाठी फक्त वर्षे जावी लागतात. कूळ मात्र जन्मानंतर मिळवता येत नाही.

मिळालेल्या जागेचे संरक्षणही विनयाने केले आहे. सप्तदशवर्गीय भिक्खूंनी सीमेवरचा एक मोडका विहार वर्षावासासाठी दुरुस्त केला. षड्वर्गीयांनी काम पुरे होईपर्यंत वाट पाहिली आणि मग त्यांना मानेला धरून बाहेर काढले. यावरून सतरावे पाचित्तिय घालून देण्यात आले. रागाच्या भरात भिक्खूला सांघिक विहारातून बाहेर काढणे हा अपराध ठरला. बडोद्याच्या त्या सकाळी अकराव्या दिवशी जे घडले, त्याला विनयात नाव आहे आणि दोष काढणाऱ्याच्या माथी आहे.

आगंतुक, आवासिक, गमिक

चुल्लवग्गाच्या आठव्या खंधकात येणाऱ्याचे, राहणाऱ्याचे आणि जाणाऱ्याचे अशी तीन कर्तव्ये सांगितली आहेत. आगंतुकाने वहाणा काढून, झटकून, छत्री उतरवून, घाई न करता आत यावे. पिण्याचे पाणी कोणते आणि वापरण्याचे कोणते ते विचारावे. मग आपल्या वाट्याला कोणते सेनासन येते, त्यात कोणी राहते की ते रिकामे आहे, हे विचारावे. भिक्षेचे गाव कोणते, शौचकूप कोठे, संघाने आपसांत ठरविलेले नियम कोणते, केव्हा आत यावे व केव्हा बाहेर जावे, हेही विचारावे. खोली अस्वच्छ असल्यास झाडून घ्यावी. नव्या देशात नुकत्याच उतरलेल्या विद्यार्थ्याने घरमालकाला जे जे विचारावे, ते जवळजवळ सारे या यादीत आहे.

आवासिकाने, म्हणजे तेथे आधीपासून राहणाऱ्याने, ज्येष्ठ आगंतुक दिसताच आसन मांडावे, पाय धुण्यास पाणी ठेवावे, सामोरे जाऊन पात्रचीवर घ्यावे आणि खोली दाखवावी. कनिष्ठ असेल तर बसल्या जागेवरून का होईना, सारी माहिती द्यावी. माहिती दडवून ठेवण्याची मुभा कोणालाही नाही. आणि गमिकाने, म्हणजे निघणाऱ्याने, लाकडी व मातीची भांडीकुंडी नीट ठेवून, दारे-खिडक्या लावून, सेनासन दुसऱ्याच्या हवाली करून मगच निघावे. म्हणजे पुढच्या आगंतुकाला ते चांगल्या स्थितीत मिळते.

या संपूर्ण प्रश्नावलीत आगंतुकाचे कूळ कोठेही विचारलेले नाही. विनयाचा प्रश्न 'खोली रिकामी आहे काय' हा आहे. बडोद्याचा प्रश्न 'तू कोण आहेस' हा होता. दोन समाजरचनांमधील सारे अंतर या दोन प्रश्नांत मावते.

हे काम वाऱ्यावर सोडलेले नव्हते. दब्ब मल्लपुत्त यांना संघाने रीतसर ठराव करून सेनासनप्रज्ञापक नेमले होते. ते सुत्तधरांना सुत्तधरांजवळ, विनयधरांना विनयधरांजवळ, ध्यान करणाऱ्यांना ध्यान करणाऱ्यांजवळ जागा देत, म्हणजे एकमेकांचा सहवास फलदायी होई आणि कोणाची झोपमोडही होत नसे. अवेळी येणाऱ्या भिक्खूंना ते रात्रीही खोलीपर्यंत पोहोचवीत. ते बोटाच्या उजेडात वाट दाखवीत, असे कथा सांगते. तो चमत्कार बाजूला ठेवला तरी, उशिरा येणाऱ्यासाठीही कोणीतरी दिवा घेऊन उभे असावे, ही अपेक्षा उरतेच.

दानाचे गणित

निवाऱ्याला खर्च येतो. आपल्या प्राचीन दात्यांनी तो कसा भागविला, याचे उत्तम उदाहरण नाशिकच्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात आहे. शक क्षहरात नहपानाचा जावई उषवदात याने हे लेणे चातुर्दिश संघाला दिले. पण रिकामे लेणे देऊन तो थांबला नाही. लेखात 42 हे वर्ष येते. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे 2000 कार्षापण दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि दुसऱ्या श्रेणीकडे 1000 कार्षापण दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने कायम ठेव म्हणून ठेवले. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज 240 होते. त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या 20 भिक्खूंना प्रत्येकी 12 कार्षापण चीवरासाठी मिळावेत, अशी योजना आहे. हिशोब नेमका जुळतो. मुद्दल अखंड राहते आणि दरवर्षी येणाऱ्या अनोळखी वीस जणांची सोय होते. याच उषवदाताने भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे प्रवाशांसाठी निवारे बांधल्याचे लेख सांगतात. तो स्वतः शक, म्हणजे बाहेरून आलेल्यांच्या वंशातील होता, हेही विसरू नये.

अशा व्यवस्थेचा अनुभव चिनी यात्रेकरूंनी नोंदविला आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी आलेल्या फाहियानने मध्यदेशातील भिक्खू आगंतुकाला कसे सामोरे जातात, पाय धुण्यास पाणी व तेल देतात आणि ज्येष्ठतेप्रमाणे खोली देतात, हे लिहिले आहे. उद्यान देशात मात्र तीन दिवस सर्व सोय होई आणि मग आगंतुकाला स्वतःची जागा शोधण्यास सांगत, असे तो म्हणतो. सातव्या शतकात इत्सिंग नालंदेस सुमारे दहा वर्षे राहिला. इतर देशांच्या भिक्खूंचे येथे स्वतःचे विहार आहेत, चीनचा नाही, त्यामुळे आमच्या लोकांचे हाल होतात, ही खंत त्याने व्यक्त केली आहे. स्वागत कितीही चांगले असले तरी दीर्घ अभ्यासासाठी आपल्या माणसांचे एक कायमचे छप्पर परदेशी असावे लागते, हे त्याने तेराशे वर्षांपूर्वी ओळखले होते.

छावणी आणि आजचे कर्तव्य

1920 ते 1923 या काळात लंडनमध्ये बाबासाहेबांनी किती ओढगस्तीत दिवस काढले, हे त्यांच्या चरित्रकारांनी लिहिले आहे. सकाळी पावाचा तुकडा, रात्री बोव्हरीलचा पेला आणि मध्ये दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय. किंग हेन्रीज रोडवरील 10 क्रमांकाचे जे घर 1921-22 मध्ये त्यांचे बिऱ्हाड होते, ते महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये विकत घेऊन स्मारक केले. स्मारक झाले हे योग्यच झाले. परंतु त्या घराच्या आठवणीतून बाबासाहेबांनी स्वतः काय उभारले, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे.

1934 मध्ये ज्या जिल्ह्यात त्यांना पहाऱ्यात फिरावे लागले, तेथेच 1950 मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू केले. त्याचे आरंभीचे दिवस याच छावणीतील जुन्या इमारतींत गेले. 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते नव्या वास्तूची कोनशिला बसली. पुढे महाविद्यालयाला मिलिंदाचे आणि परिसराला नागसेनाचे नाव मिळाले. प्रश्न विचारणारा परदेशी राजा आणि उत्तर देणारा भिक्खू यांची ही नावे सहज निवडलेली नाहीत. आणि महाविद्यालयाबरोबर वसतिगृहे आली, हेही सहज घडलेले नाही. खेड्यातून आलेल्या आमच्या मुलाला शहरात खोली कोण देणार, हे कामाठी बागेत बसून रात्रीच्या गाडीची वाट पाहिलेल्या माणसाला कोणी समजावून सांगावे लागत नव्हते.

आज आमची मुले पुन्हा लंडन-न्यूयॉर्कला जात आहेत. महाराष्ट्र शासनाने 2003 मध्ये अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती सुरू केली. तिच्यात ब्रिटनसाठी अनेक वर्षे वर्षाला 9,900 पौंड निर्वाहभत्ता राहिला, म्हणजे महिन्याला 825. याउलट ब्रिटन सरकारनेच 2025 च्या आरंभी लंडनमध्ये शिकणाऱ्याला महिन्याला 1,483 पौंड लागतात असे धरले. साडेअकरा पौंडांची ओढाताण संपलेली नाही. फक्त आकडे बदलले आहेत. अशा विद्यार्थ्याचे पहिले पंधरा दिवस सर्वांत कठीण असतात. खोली प्रत्यक्ष पाहिल्यावाचून अनामत द्यावी लागते, फसगत होते, आणि ओळखीने जागा शोधावी तर आपल्याच देशबांधवांकडून तोच जुना आडनावाचा प्रश्न समुद्र ओलांडून समोर येतो.

येथे विनय आपल्याला मार्ग दाखवितो. परदेशी स्थिरावलेल्या आपल्या प्रत्येक उपासकाने स्वतःला आवासिक मानावे आणि निदान फाहियानने पाहिलेले तीन दिवस तरी नवागताला द्यावेत. प्रत्येक विहाराने व संघटनेने एक सेनासनप्रज्ञापक नेमावा. कोणती खोली केव्हा रिकामी होणार, भाडे किती, वाट कशी, हे त्याने सांगावे. परतणाऱ्याने खोली, भांडी, अंथरूण पुढच्याच्या हवाली करून यावे. आणि जे दाते आहेत त्यांनी उषवदाताप्रमाणे मुद्दल अखंड ठेवून व्याज आगंतुकांच्या भाड्यासाठी लावून द्यावे.

परंतु आरंभ छावणीपासूनच केला पाहिजे. येत्या आषाढात परभणीची मुलगी किंवा येमेनचा मुलगा आपल्या दाराशी उभा राहील, तेव्हा आपणही त्याला त्याचे कूळ, धर्म, देश विचारून मगच खोली रिकामी आहे की नाही ते सांगणार असू, तर बडोद्याच्या त्या काठ्या आपल्या हातांत आल्या असे समजावे. आगंतुकासाठी पाण्याचा तांब्या आधी बाहेर यावा. नाव नंतर, तो आपणहून सांगेल तेव्हा, ऐकावे.